नाना सव्वीसलाच का जातात

"मानवजातीचे दोन भाग पडतात," आरशासमोर कोटाची बटणं लावत अजेनिम त्वुमासी म्हणाले. "एक, ज्यांना समोरचं दिसतं आणि कळतं. दोन, ज्यांना दिसतं पण कळत नाही. मी या दोन्हींत बसत नाही."

"खरंय," शिलाई मशीनवरून मान वर न करता कोनादू म्हणाली. "तुम्हाला दिसतही नाही."

"मला न दिसताच कळतं! असला मेंदू अब्रेमकुरो गावात आजवर झाला नाही. कुमासीत झाला असेल, तर त्याने अजून मला तसं कळवलेलं नाही."

"दाजी, बटणं एक घर चुकलीत."

"वेषांतर आहे ते," दाजी म्हणाले आणि तसेच बाहेर पडले.

अजेनिम दाजींची सगळी नोकरी पाणीखात्यात मीटर वाचण्यात गेली. लोकांच्या परसात न विचारता शिरायचं, वाकून बघायचं, चुकीचा आकडा लिहायचा आणि रुबाबात बाहेर पडायचं, एवढ्या कलांवर त्यांनी हुकमत मिळवली होती. निवृत्त झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं, की गुप्तहेराला याहून वेगळं काही लागत नाही. मग लॉरी अड्ड्यावरच्या पेंटरकडून त्यांनी पाटी रंगवून घेतली. वर लाल अक्षरांत 'गुप्तहेर', मध्ये त्यांचा चेहरा, आणि कुणाची चुकामूक होऊ नये म्हणून घराकडे दाखवणारा हातभर लांब बाण. इतका उघडा गुप्तहेर साऱ्या घानात दुसरा नसेल.

कोनादू त्यांची मेहुणी. पाटी लागली त्या दिवशी थोरल्या बहिणीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुला डोकं आहे. ह्यांच्यावर लक्ष ठेव. मार खायची वेळ आली तर ओढून घरी आण." तेव्हापासून कोनादू सहायक झाली. दाजींच्या ओट्यावर मशीन मांडून कपडे शिवायचे, आणि हाक आली की गळ्यातली टेप गळ्यातच ठेवून तपासाला निघायचं.

डिसेंबर नुकता लागला होता, कोरड्या वाऱ्याने सगळीकडे धूळच धूळ केली होती, आणि अशात ओच्यामे बोआडी ओट्याशी येऊन उभा राहिला. ओच्यामे म्हणजे नानांचं तोंड. आमच्याकडे गावच्या राजाला नाना म्हणतात, आणि तो चारचौघांत स्वतः बोलत नाही. तो पुटपुटतो, आणि ओच्यामे सोनेरी मुठीची काठी आपटून, वर पदरचा मीठमसाला घालून ते लोकांना ऐकवतो. आज मात्र या तोंडाचंच तोंड वाकडं झालं होतं.

"नानांनी बोलावलंय तुम्हाला," तो म्हणाला. "कशाला ते मला सांगितलं नाही. मला! त्यांना पडसं झालं तर शिंकतोसुद्धा मी."

दाजींनी रिवाजाप्रमाणे नानांना द्यायची जिनची बाटली बगलेत मारली आणि कोनादूला घेऊन ते राजवाड्यात गेले. नाना डान्सो आब्रेसे भर दुपारी पांघरूण घेऊन पलंगावर बसले होते. अंगात टोरांटोचं लोकरी स्वेटर होतं आणि घामाच्या धारा लागल्या होत्या. त्यांनी ओच्यामेला बाहेर घालवलं, दार लावून घेतलं. आता आली का पंचाईत! मध्ये ओच्यामे नाही, तर राजाशी बोलायचं कसं?

"कोनादू," दाजी भिंतीकडे बघत म्हणाले, "नानांना विचार, त्यांना काय होतंय."

"नाना, दाजी विचारतायत काय होतंय."

"त्याला सांग, मी मरणार आहे," नाना म्हणाले. "सव्वीस तारखेला."

"दाजी, नाना म्हणतायत..."

"ऐकलं मी! बहिरा आहे का?"

मग सगळं बाहेर आलं. नाना गादीवर बसून वर्ष होत आलं होतं. त्याआधी ते टोरांटोत एका विमा कंपनीत होते. मामा गेले, आणि मावशीने फोन करून सांगितलं, नोकरी सोड आणि ये. ही मावशी म्हणजे गावची ओहेमा, राणीआई. राजा कोण व्हायचं ते ती ठरवते, तेव्हा नाही म्हणायची सोय नव्हती. माणूस भला. आल्याबरोबर त्यांनी दवाखान्याचं छप्पर घालून दिलं. मग गावाला नाताळची भेट म्हणून एक कॅलेंडर छापायला घेतलं, प्रत्येक चौकोनात त्या त्या दिवसाचा इतिहास. सहा मार्चला देशाचं स्वातंत्र्य, हे सोपं होतं. बाकीचे चौकोन भरताना शाळामास्तरांना फेस आला. 'या दिवशी पोस्टात दुसरी खिडकी उघडली.' 'या दिवशी बिशपसाहेबांची गाडी चिखलात रुतली व ग्रामस्थांनी ती ढकलली.' असा तो गौरवशाली इतिहास. पण सव्वीस डिसेंबरच्या चौकोनात मजकूर मावेना. एकोणीसशे एकतीस, पहिले नाना गेले. अठ्ठावन्न, दुसरे गेले. चौऱ्याऐंशी, तिसरे. आणि गेल्या वर्षी मामा. चारही सव्वीस डिसेंबरला!

"मी जन्मभर विम्यात काम केलंय," नाना म्हणाले. "एक, योगायोग. दोन, दुर्दैव. चारातले चार? याला कुणीतरी हात लावतंय. आणि पाचवा मी आहे."

"मरण कधीही येतं," दाजी गंभीरपणे म्हणाले. "पण दरवेळी नेमक्या तारखेला येतं ते मरण नव्हे. ती सरकारी कामाची पद्धत झाली."

"सरकारी काम कधी तारखेला झालंय?" कोनादू म्हणाली.

नानांनी चोवीसचं टोरांटोचं तिकीट काढून ठेवलं होतं. तोवर खुनी सापडला तर ठीक, नाहीतर ते चालले. "आणि हे बाहेर फुटता कामा नये. घाबरलेला राजा आणि पळालेला राजा, दोघांना एकच शिक्षा. गादीवरून खाली. मी मलेरियाचं निमित्त सांगून खोलीत राहतो."

बाहेर आल्यावर कोनादू राजवाड्याच्या पायरीवरच बसली. गादी रिकामी पडली की या गावात काय होतं ते तिने भोगलं होतं. चौऱ्याऐंशीनंतर दोन घराणी गादीसाठी वर्षानुवर्षं भांडत राहिली, आणि त्या भांडणाची धग पुढे तिच्या ठरलेल्या लग्नाला लागली. नवरदेव पलीकडच्या घराण्याचा निघाला, म्हणून मांडव पडायच्या आधीच ते मोडलं. तो आता कुमासीत टायर विकतो आणि रस्त्यात दिसला की मान फिरवतो. हे नाना आले तेव्हा पहिल्यांदा गादी भांडणाशिवाय भरली होती. ते पळाले तर पुन्हा तोच शिमगा, पुन्हा कुणाच्या तरी मुलीचा बळी. तिला नाना हवे होते, जिवंत आणि इथेच.

दाजी मात्र खुशीत होते. इतकी मोठी केस! याआधीची केस कोंबडीची होती, आणि ती कोंबडी आपण होऊन घरी आली होती.

पहिला संशय त्यांनी रश्शावर घेतला. नाताळचा उरलेला बकऱ्याचा रस्सा दुसऱ्या दिवशी नाना जेवतात. विष त्यातच असणार. हे सिद्ध करण्यासाठी त्यांनी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात बसून फुफूच्या मऊ गोळ्यांबरोबर तीन वाडगे रस्सा रिचवला. "मी मेलो नाही," ते ओठ पुसत म्हणाले. "याचा अर्थ विष अजून घातलेलं नाही. उद्या पुन्हा तपासू."

दुसरा सिद्धांत वयाचा होता. एकतीस सालापासून खून पाडणारा इसम म्हातारा असलाच पाहिजे. गावात सर्वांत म्हातारे क्येरेमे आजोबा. ते अंगणात आंब्याखाली खुर्चीत असतात. सकाळी त्यांना तिथे ठेवतात आणि संध्याकाळी उचलतात.

"एकोणीसशे एकतीस साली सव्वीस डिसेंबरला तुम्ही कुठे होता?" दाजींनी दरडावलं.

"आं?"

"एकतीस साली!"

"आईच्या पाठीवर," आजोबा म्हणाले.

"साक्षीदार?"

"आई."

"कुठाय ती?"

आजोबांनी बोट आभाळाकडे केलं. दाजींनी कोनादूला कोपराने ढोसलं. "बघितलंस? एकुलती एक साक्षीदार गायब. बालवयापासून मुरलेला गुन्हेगार आहे हा."

"दाजी, त्यांना उठून बाथरूमला जाता येत नाही."

"म्हणूनच वर्षानुवर्षं थांबावं लागतं त्याला, दोन खुनांच्या मध्ये."

मग पाळी आली पंचमंडळींची. दाजींनी त्यांना सरळ विचारलं, की आधीचे नाना नेमके कसे गेले? सगळे एकदम खोकायला लागले आणि वर छताकडे बघू लागले. आता, राजाच्या मरणाची भाषा राजवाड्यात कुणी करत नाही. मोठं झाड पडलं म्हणतात, तेही पडून बरेच दिवस झाल्यावर, नगारा वाजला की. हे शेंबड्या पोराला ठाऊक आहे. दाजींनाही ठाऊक होतं. पण त्यांच्या डोक्यात माहिती एका खोलीत राहायची आणि विचार दुसऱ्या, आणि दोघांचं येणंजाणं नव्हतं. सगळे छताकडे बघतायत, म्हणजे पुरावा छतात आहे, असा त्यांनी निष्कर्ष काढला आणि शिडी लावली. छतात गांधीलमाश्यांचं पोळं होतं. त्यानंतर दोन दिवस दाजींचा डावा डोळा उघडत नव्हता, आणि ते सांगत फिरत होते की गुन्हेगारांनी हल्ला केला.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात आली नाही. कोनादूच्याही नाही. ती लक्षात आणून दिली पोकुआ मासळीवालीने. लाल आणि काळं कापड घेऊन ती ओट्यावर आली.

"नाताळच्या आत दे गं. बाह्या जरा फुगीर ठेव, लंडनचे लोक येणारेत."

"सुतकाचं कापड? कोण गेलं?"

"शू! मला विचारतेस?" पोकुआने डोळे मिचकावले. "नाना दिसलेत का तुला इतक्यात? राजवाड्यात पंचांची खुसपूस. ओच्यामेचं तोंड हे एवढंसं. आणि तुझे दाजी घरोघर विचारत हिंडतायत, आधीचे नाना कसे गेले म्हणून. आम्ही काय दूधखुळे आहोत? सव्वीसला नगारा वाजणार. माझ्या दिराने लंडनहून तिकीट काढलं सुद्धा."

संध्याकाळपर्यंत ओट्यावर लाल-काळ्या कापडाचा ढीग लागला. मांडववाल्याकडे खुर्च्या उरल्या नव्हत्या. बकऱ्यांचे भाव चढले होते. चर्चच्या गायकमंडळात 'मी पुढे उभी राहणार की तू' यावरून दोघींची झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली होती. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, पलीकडच्या घराण्यातले दोघे-तिघे नव्या राजासारखे चालून बघायला लागले होते.

"दाजी," कोनादू धावत घरात शिरली, "वाचवता वाचवता आपण नानांना मारून बसलो! अख्खं गाव समजतंय ते गेले."

"उत्तम!" दाजींनी टाळी वाजवली. "खुन्याला वाटेल काम झालं, आणि तो बेसावध होईल. हा माझा डाव होता."

"कधीपासून?"

"आत्तापासून."

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर काठी आपटली. ओहेमा स्वतः आल्या होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, हातात काठी, आणि डोळ्यांत असा जाळ की मशीनचं चाक आपोआप थांबलं.

"बाजारात तीन बायकांनी गळ्यात पडून माझं सांत्वन केलं," ओहेमा म्हणाल्या. "माझा भाचा मेला, गावाने कापडं शिवायला टाकली, आणि मावशीला पत्ता नाही! मला दारातून परत पाठवतायत, म्हणे मलेरिया. काय चाललंय?"

"राणीआई, मी शपथ घेतलीये. नानांची."

"तो मेला असेल तर शपथ सुटली. जिवंत असेल तर मी त्याची मावशी आहे. बोल."

या युक्तिवादापुढे कोनादूचं काही चाललं नाही. खरं तर तिला सांगूनच टाकायचं होतं; ओझ्याने खांदे दुखायला लागले होते. तिने सगळं सांगितलं. ओहेमा ऐकत गेल्या, आणि शेवटी त्यांनी कपाळावर हात मारला.

राजवाड्याच्या दारावर कुणाची त्यांना अडवायची हिंमत झाली नाही. खोलीत नाना गुडघ्यांनी दाबून बॅग बंद करत होते. शेजारी दाजी पहाऱ्याला होते. ओहेमांना बघताच दाजींचा उघडा असलेला एक डोळा चमकला.

"थांबा!" ते गरजले. "नाना, उलगडा झाला! राजा गेल्यावर नवा राजा कोण निवडतं? ओहेमा! फायदा कुणाचा? ओहेमांचा! हीच ती!"

"हा कोण?" ओहेमांनी विचारलं.

"मीटरवाले," कोनादू म्हणाली.

"माझ्या घरी एकदा याने शेजारच्यांचं मीटर वाचलं होतं. बस खाली." दाजी बसले. ओहेमा भाच्याकडे वळल्या. "आणि तू रे घोड्या? कोण मारतंय तुला?"

"मावशी, चौघं एकाच तारखेला गेले. चारातले चार."

"कुणी सांगितलं?"

"कॅलेंडरात आहे. सगळ्या गावाला माहीत आहे."

"गावाला नगारा माहीत असतो," ओहेमा पलंगावर टेकत म्हणाल्या. "दार लाव गं. हे भिंतीबाहेर गेलं तर माझ्याशी गाठ आहे. तुझा मामा जूनमध्ये आटोपला. भर पावसात, पपई खाताना."

नाना बॅगेवरच बसले. "जूनमध्ये? पण मला फोन..."

"सव्वीस डिसेंबरला केला. जूनमध्ये केला असता तर तू जूनमध्ये आला असतास आणि नाताळला पुन्हा. सगळ्यांचं तसंच. जूनमध्ये कोण येतं? रस्ते वाहून गेलेले, लोक शेतात, पोरं परदेशात. राजाला काय वीस माणसांत निरोप द्यायचा? मग थांबायचं. पंचवीसला सांगितलं तर लेकरांचा सण बुडतो. सत्तावीसला परतीच्या गाड्या भरतात. मध्ये उरला कोणता दिवस, तूच सांग."

"सव्वीस," नाना म्हणाले.

"त्याआधीचा ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात गेला. त्याआधीचा ऑगस्टात. पहिल्याचं मला ठाऊक नाही, मी जन्मले नव्हते. पण तेव्हाही खाणीत कामाला गेलेले लोक नाताळलाच घरी येत."

"तरी म्हटलं," दारातून आवाज आला. ओच्यामे फटीला कान लावून उभा होता. "जून ते डिसेंबर बर्फाच्या लाद्या वाहून वाहून माझी कंबर गेली, आणि मला कुणी विचारलं का? विचारलं मीटरवाल्याला!"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा. दाजी शांतपणे म्हणाले, "म्हणजे चारही खून ठरवून लांबणीवर टाकण्यात आले होते," आणि कुणीच त्यांच्याकडे पाहिलं नाही.

नाना आधी हसले. मग हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "मावशी, मी रोज तारखा मोजत होतो गं. मला वाटलं, या गावात मला फक्त मरायला बोलावलंय."

"घाबरतात रे सगळेच," ओहेमांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. "तुझा मामा गादीवर बसला त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या परसात लपून बसला होता, बदकांमागे. पण जेवायच्या वेळी बाहेर आला. तूही ये. नाहीतर हे तिकीट घे आणि चोवीसला जा. फक्त एक ऐकून ठेव. गाव जमलंय, कापडं शिवायला पडलीत, बकरे बांधलेत. तू गेलास तर सव्वीसला मी नगारा वाजवायला सांगेन. पळून गेलेला राजा आम्हाला मेलेलाच."

कोनादूला राहवलं नाही. रिवाज गेला खड्ड्यात, ती सरळ त्यांच्या तोंडाकडे बघून बोलली. "नाना, मागे गादी रिकामी पडली तेव्हा माझं लग्न मोडलं. असं कितीतरी जणींचं झालं. तुम्ही दवाखान्याचं छप्पर घातलंत ते चांगलंच आहे. पण तुम्ही नुसते बसून राहिलात तरी आम्हाला पुरतं."

नानांनी बॅगेची चेन अर्धी उघडली, पुन्हा लावली. त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. चोवीस तारखेला कोनादू सबंध दिवस लॉरी अड्ड्याकडे तोंड करून मशीन चालवत होती, आणि तिने एका फ्रॉकला तीन बाह्या लावल्या.

सव्वीसला अख्खं गाव मैदानात उभं होतं, लाल आणि काळं. लंडनचे, हॅम्बुर्गचे, आक्राचे, सगळे. पोकुआच्या फुगीर बाह्या शेजारणीच्या नाकात जात होत्या. पलीकडच्या घराण्याचे तिघे पुढच्या रांगेत, चेहऱ्यावर दुःख आणि पायात नव्या कोऱ्या चपला. राजवाड्याचं दार बंद होतं. नगारा सुरू झाला. एका हुशार बाईने लगेच गळा काढला, म्हणजे पहिला मान तिचा.

दार उघडलं, आणि पालखी बाहेर आली. वर मोठी छत्री, खाली पांढऱ्या कापडात नाना. चांगले हलते, डुलते, घामाघूम.

मैदानात चिडीचूप झालं. गळा काढलेल्या बाईला मात्र थांबता येईना. एकदा लागलेला सूर तिला पुरा करावा लागला. पोकुआचा दीर मोठ्याने म्हणाला, "अरे, माझं तिकीट परत होत नाही!" पुढच्या रांगेतले तिघे एकमेकांकडे बघू लागले.

"पाहिलंस?" दाजी कोनादूच्या कानाशी लागले. "माझा बंदोबस्त. सव्वीस तारीख, आणि माणूस ठणठणीत."

"दाजी, गप्प बसा, मला रडू येतंय," कोनादू म्हणाली, आणि ते खरं होतं.

नाना एवढ्या माणसांकडे बघत राहिले. त्यांच्यासाठी समुद्र ओलांडून आलेली माणसं होती ती, कारण काही का असेना. मग त्यांनी जे केलं ते अब्रेमकुरोच्या कुठल्याही राजाने केलं नव्हतं. ओच्यामेकडे न बघता ते पालखीत उठून उभे राहिले, भोयांचे खांदे डगमगले, आणि ते स्वतःच्या तोंडाने, सगळ्या गावासमोर, ओरडले.

"मी आहे!"

ओच्यामे दचकला. सवयीने त्याने काठी आपटली. "नाना म्हणतात, की ते आहेत!"

"दिसतंय रे!" खालून ओहेमा ओरडल्या. "आता दांडा धरून नीट बस, पडशील!"